उन्हात टिकणारं विरजण
(जळगाव जामोद येथे सामुदायिक रेडिओवरून दिलेलं भाषण)



आजचा विषय ऐकायला थोडा कारखान्यातला वाटेल. पण त्याचं मूळ आपल्या स्वयंपाकघरात आहे, म्हणून हातातलं काम करत करत ऐका. आज आपण यीस्टबद्दल बोलणार आहोत. पाव फुगवणारं, जिलेबीचं पीठ आंबवणारं यीस्ट. त्यातही भर उन्हाळ्यात मान न टाकणारं यीस्ट शास्त्रज्ञ कसं निवडून काढतात, आणि त्याच्याशी आपल्या पऱ्हाट्यांचा, आपल्या पाण्याचा काय संबंध, ते बघू.

आंबवणं आपल्याला कोणी शिकवायला नको. हिवाळ्यात दही लागत नाही, म्हणून आपण भांडं कपड्यात गुंडाळतो, धान्याच्या कोठीत ठेवतो. वैशाखात तेच दही सकाळी लावलं तर दुपारपर्यंत आंबट होतं, म्हणून विरजण अगदी बोटभर घालतो. कुरडयांचा गहू भिजत घातला की रोज पाणी बदलतो, नाहीतर उन्हानं वास सुटतो. म्हणजे आंबवणाऱ्या जिवांना ऊब किती हवी आणि किती झाली की बिघडतं, हे आपल्या हाताला माहीत आहे. कारखान्यातला माणूस थर्मामीटर लावून नेमकं हेच बघतो.

आता पेट्रोल पंपाकडे येऊ. पंपावर ‘ई-२०’ असं लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल. त्याचा अर्थ, शंभर लिटरमध्ये २० लिटर इथेनॉल आणि बाकीचं पेट्रोल. आपल्या देशात हे प्रमाण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचलं. हे इथेनॉल उसाच्या मळीपासून, उसाच्या रसापासून, मक्यापासून आणि तांदळापासून तयार होतं. एक क्विंटल मक्यापासून साधारण ३८ लिटर इथेनॉल निघतं.

तुमच्यातली एखादी लगेच म्हणेल, “बाई, ही तर दारूच की!” बरोबर आहे. इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. ज्या बायांनी मतदान करून गावातली बाटली आडवी केली, त्यांच्या मनात ही शंका यायलाच हवी. पण गाडीत जाणाऱ्या इथेनॉलमधलं पाणी जवळजवळ सगळं काढून टाकलेलं असतं, त्याची शुद्धता ९९.५ टक्क्यांच्या वर न्यावी लागते, आणि ते तेल कंपन्यांच्या डेपोत पेट्रोलमध्ये मिसळतात. ते पिण्याचं नाही. आणि आज मी जे सांगणार आहे, त्यातलं काही घरी ऊर्धपातन करून बघायचं नाही. ते बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारंही.

तर मळी असो की मका, साखरेचं अल्कोहोल करतं कोण? हे काम यंत्र करत नाही, यीस्ट करतं. यीस्ट म्हणजे एकाच पेशीची बुरशी, इतकी बारीक की एका मिलिमीटरच्या जागेत दीडशे-दोनशे ओळीनं बसतील. फ्रान्सच्या लुई पाश्चरनं १८५७ पासून प्रयोग करून दाखवलं की आंबणं हे जिवंत यीस्टचं काम आहे. हा जीव साखर खातो आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर टाकतो. हिशेब सोपा आहे. शंभर ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५१ ग्रॅम अल्कोहोल आणि ४९ ग्रॅम वायू. प्रत्यक्षात थोडं कमीच मिळतं, कारण यीस्टलाही स्वतःचं पोट आहे.

पण साखर खाताना यीस्ट आणखी एक गोष्ट बाहेर टाकतं, ती म्हणजे उष्णता. सगळी गंमत आणि सगळा त्रास इथंच आहे.

वाटीभर खिचडी ताटात वाढली की लगेच निवते. लग्नाच्या पंगतीची खिचडी मोठ्या पातेल्यात असली, तर तास-दोन तास गरमच राहते. भांडं मोठं झालं की आतला माल खूप वाढतो, पण उष्णता बाहेर जायला बाजू तेवढ्या वाढत नाहीत. डिस्टिलरीतल्या टाक्या लाखो लिटरच्या असतात. त्यात यीस्ट जोरात कामाला लागलं की टाकी आपोआप तापते. बाहेरून थंड केली नाही, तर दहा-पंधरा अंशांनी किंवा त्याहूनही जास्त तापमान चढू शकतं.

आणि यीस्टला काय आवडतं? नेहमीचं यीस्ट, ज्याला शास्त्रात सॅकरोमायसिस सेरेव्हिसी म्हणतात, ते साधारण ३० अंशांच्या आसपास सुखात असतं. ३५ च्या पुढे त्याला त्रास होऊ लागतो. ४० ला ते फार दिवस टिकत नाही. आता आपल्या गावचा मे महिना आठवा. पारा ४४-४५ च्या घरात. नळाचं पाणी अंगावर घेतलं तर चटका बसतो. अशा पाण्यानं टाकी थंड करायची कशी? मग पाणी थंड करणारे मनोरे लागतात, पंप लागतात, वीज लागते, आणि मनोऱ्यातून रोज पाणी उडून जातं ते वेगळंच.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या आपल्या खारपाणपट्ट्यात तर आणखी एक भानगड आहे. क्षाराच्या पाण्यानं हंड्याला, गिझरच्या कॉइलला पांढरा थर चढतो, तो आपण घासून घासून थकतो. तसाच थर थंड करणाऱ्या यंत्राच्या नळ्यांत चढतो, आणि थर चढला की थंडावा पोचत नाही. ज्या भागात बाईला पिण्याच्या गोड्या पाण्यासाठी ताटकळावं लागतं, तिथं टाकी थंड करायला किती पाणी द्यायचं, हा काही फक्त इंजिनिअरचा प्रश्न नाही.

मग शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला. टाकी थंड करण्याऐवजी उन्हात टिकणारं यीस्टच शोधलं तर?

आपणही असंच करतो. ज्या घरचं विरजण चांगलं, तिथून वाटीभर मागून आणतो. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी शेतात ज्या झाडाला तरीही चांगलं कणीस लागलं, त्याचं बियाणं बाजूला काढून उतरंडीत ठेवतो. यीस्टची निवड याच जातीची आहे. फक्त इथं बियाणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पायऱ्या नीट पाळाव्या लागतात.

पहिली पायरी शोधण्याची. उन्हात टिकणारा जीव उन्हातच सापडणार. म्हणून मळीच्या टाक्यांजवळची माती, कारखान्याची गरम गटारं, चिपाडाचे ढीग, उन्हात पडून आंबलेली फळं, ताडी, मोहफुलं, अशा गरम आणि गोड जागांवरून नमुने गोळा करतात.

दुसरी पायरी वेगळं करण्याची. एका चिमूट मातीत हजारो जीव असतात. काचेच्या बशीत साखर घातलेली जेलीसारखी खळ ओततात आणि त्यावर नमुना अगदी पातळ करून पसरतात. एकेका पेशीपासून एकेक ठिपका वाढतो. त्या एका ठिपक्यातली सगळी पिल्लं एकाच आईची. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी १८८३ मध्ये असं एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं, तेव्हापासून जगभर हीच वाट चालली आहे.

तिसरी पायरी तापवण्याची. तेच ठिपके ३०, ३७, ४०, ४२, ४५ अंशांवर वाढवून बघतात. बरेचसे गळतात. थोडे उरतात.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची. गरमीत जगणं वेगळं आणि गरमीत काम करणं वेगळं. एखादं यीस्ट ४५ अंशांवर जगेल, पण अल्कोहोल करेलच असं नाही. म्हणून त्याला साखरेच्या पाण्यात सोडतात आणि बाटली तराजूवर ठेवतात. वायू निघून गेला की बाटली हलकी होते. जितकं वजन घटलं तितका वायू गेला, आणि जितका वायू गेला जवळजवळ तितकंच अल्कोहोल झालं. सुरुवातीचा अंदाज अशा साध्या तराजूवरही येतो.

आणि हा हिशेब शेवटपर्यंत ठेवावा लागतो. घरात मुलं असतील तर सुटीत हा खेळ करून बघा. बेकरीचं सुकं यीस्ट आणा. तीन बाटल्यांत सारखंच साखरपाणी आणि सारखंच चमचाभर यीस्ट घाला, तोंडाला फुगे लावा. एक बाटली माठाजवळ थंडाव्यात, एक घरात सावलीला, एक अंगणात उन्हात. पहिल्या तासाला उन्हातला फुगा भराभर फुगेल. मुलं म्हणतील, हीच पहिली! पण तिथंच थांबू नका, दिवसभर लक्ष ठेवा. ऊन फार झालं तर त्या बाटलीतलं यीस्ट लवकर दमतं आणि सावलीतलं आपलं काम करत राहतं. कारण जसजसं अल्कोहोल वाढतं तसतसं ते यीस्टलाच बाधू लागतं. गरमीही सोसायची आणि अल्कोहोलही सोसायचं, असा दुहेरी मार बसतो. म्हणून निवड करणारे सुरुवातीच्या उड्या बघत नाहीत, शेवटी हातात काय आलं ते बघतात. प्रयोग झाला की बाटल्यांतलं पाणी ओतून द्या, कोणी तोंडाला लावू नका. फुगा घट्ट ताणला तर थोडी हवा सोडा.

आता एक खरी हकिगत सांगते. उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टर विद्यापीठात इब्राहिम बनात, पूनम निगम आणि रॉजर मर्चंट हे संशोधक काम करत होते. तो देश थंड, पण उन्हातलं यीस्ट हवं म्हणून त्यांनी नमुने घेतले ते भारतातल्या डिस्टिलरीच्या गरम जागांमधून. १९९२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की या नमुन्यांतून ५२ अंशांपर्यंत वाढणारी आणि ४५ व ५० अंशांवरही अल्कोहोल तयार करणारी यीस्ट मिळाली. पुढे १९९८ मध्ये त्यांतलंच एक, आयएमबी-३ नावाचं यीस्ट भारतातल्याच एका डिस्टिलरीत मोठ्या प्रमाणावर वापरून बघितल्याचं त्यांच्या गटानं लिहिलं. जे इथल्या मातीत होतं, ते समुद्रापलीकडे जाऊन शिकून परत आलं.

या यीस्टच्या जातीचं नाव क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस. नाव अवघड आहे, पण जात अनोळखी नाही. दुधाच्या आंबवलेल्या पदार्थांत ती नेहमी सापडते, दुधातली साखरही तिला पचते. नेहमीच्या यीस्टला ती पचत नाही.

मग सगळ्या कारखान्यांनी हेच का घेतलं नाही? कारण गुण आले तसे दोषही आले. हे यीस्ट गरमी सोसतं, पण अल्कोहोल नेहमीच्या यीस्टइतकं सोसत नाही. अल्कोहोल पातळ राहिलं की ते उकळून वेगळं करायला जास्त वाफ लागते. थंडाव्याची वीज वाचवायची आणि जळणात घालवायची, हा व्यवहार बरोबर नाही. दुसरं असं की टाकी ४० अंशांवर गेली की आपले दह्याचे जिवाणू खूश होतात. त्यांना तेच हवं असतं. वाटीत ते आपले मित्र, पण टाकीत ते साखर खाऊन आंबटपणा करतात आणि यीस्टचा घास पळवतात. म्हणून स्वच्छता कुठेही सुटत नाही.

दुसरी वाट म्हणजे नेहमीच्या यीस्टलाच हळूहळू उन्हाची सवय लावायची. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हे केलं आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. यीस्ट पिढ्यान् पिढ्या ४० अंशांच्या जवळ वाढवत ठेवलं. यीस्टची पिढी दोन-तीन तासांची, त्यामुळे काही महिन्यांत शेकडो पिढ्या होतात. दर वेळी जे टिकलं त्याचंच पुढचं विरजण. शेवटी जे उरलं ते गरमीत आधीच्यापेक्षा चांगलं वाढू लागलं. त्याच्या पेशींत काय बदललं? पेशीच्या पापुद्र्यातला एक स्निग्ध पदार्थ बदलला होता. आपलं तूप हिवाळ्यात घट्ट होतं, उन्हाळ्यात पातळ होतं. पेशीचा पापुद्राही स्निग्ध असतो, तोही गरमीत सैल होऊन गळायला लागतो. उन्हातल्या यीस्टनं आपल्या पापुद्र्यातली चरबीच वेगळी केली, म्हणून तो सैल पडला नाही.

आपल्या राज्यात या कामाच्या मोठ्या जागा पुण्याकडे आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगाला लागणाऱ्या सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. जशी बियाण्याची बँक, तशी ही यीस्टची आणि जिवाणूंची बँक. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, १९७५ मध्ये सुरू झालेली. तिथं उसाबरोबर अल्कोहोलच्या तंत्राचंही काम चालतं. ज्या मुली बारावी सायन्स करून घरी बसल्या आहेत, त्यांच्या आयांनो, सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय लक्षात ठेवा. या कामाला नीटनेटकेपणा लागतो, चिकाटी लागते आणि नोंदी लागतात. आपल्या लेकींकडे ते आहे.

आता पऱ्हाट्यांकडे येते, कारण तुमच्या-माझ्या दारात पडलेल्या आहेत त्या ह्याच.

कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटतो. काही चुलीला लागतात, काही बांधावर पडून राहतात, काही शेतातच पेटवून देतात. बांधावर ठेवलेल्या पऱ्हाट्यांच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात परत येते, हे कृषी विभाग दर वर्षी सांगतो. या पऱ्हाट्या, तुराट्या, मक्याची दाणे काढलेली कणसं, यांच्यातही साखर असते. पण ती लाकडाच्या आत कुलूपबंद असते. वाफेनं आणि रसायनानं आधी लाकूड मोकळं करावं लागतं. मग एन्झाइम नावाची रसायनं ते कापून साखर करतात, आणि मग यीस्ट ती खातं.

अडचण अशी की एन्झाइमला काम करायला साधारण ५० अंश लागतात आणि यीस्टला ३०. एकाला तवा गरम हवा, दुसऱ्याला गार. म्हणून दोन टाक्या, दोनदा तापवा-निववा. यीस्ट ४२-४५ अंशांवर काम करणारं मिळालं, तर दोघांना एकाच टाकीत घालता येतं. त्यात आणखी एक फायदा आहे. साखर साचली की एन्झाइमचं काम मंदावतं, जसं जात्याभोवती पीठ साचलं की दळण अडतं. यीस्ट शेजारीच बसून साखर खात गेलं की जातं फिरत राहतं. उन्हातलं यीस्ट खऱ्या अर्थानं उपयोगी पडेल ते इथं.

असा शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना हरियाणात पानिपतला उभा राहिला आहे. १० ऑगस्ट २०२२ रोजी त्याचं लोकार्पण झालं. तो भाताच्या पेंढ्यावर चालतो, दिवसाला एक लाख लिटरची क्षमता आहे आणि तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं आहे. म्हणजे काडीपासून इंधन ही आता नुसती प्रयोगशाळेतली गोष्ट राहिलेली नाही. पण पेंढ्यापेक्षा पऱ्हाटी कडक, लाकडासारखी, तिला मोकळं करायला कष्ट जास्त.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. यीस्टनं टाकीचं पाणी वाचतं, शेताचं नाही. २०२१ मध्ये नीती आयोगाच्या अहवालात दिलेला हिशेब आहे, उसाच्या साखरेपासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. ते पाणी जातं उसाच्या वाफ्यात. त्यापुढे टाकीतली बचत लहानच. म्हणून आपल्यासारख्या पाणीटंचाईच्या भागात, ऊस लावून इंधन करण्यापेक्षा पावसावर आलेल्या पिकाच्या काडीपासून ते होत असेल, तर त्याचा विचार करण्यात अर्थ आहे. आणि तो विचार करताना उन्हातलं यीस्ट कामाला येईल.

आणि विचार करताना आपण बायांनी दोन प्रश्न विचारायचे. पहिला, पऱ्हाट्या आज आपल्या चुलीचं जळण आहेत. त्या विकल्या गेल्या तर चुलीत काय घालायचं? सिलिंडर परवडतो का? दुसरा, पऱ्हाट्या उपटणं, मोळ्या बांधणं हे काम कोण करतं? आपणच. मग उद्या कोणी वजनावर भाव दिला, तर पैसे कोणाच्या हातात पडतील? कारखान्याचं पत्रक येईल तेव्हा विचारण्यापेक्षा बचत गटाच्या बैठकीत आत्ताच बोलून ठेवलेलं बरं. सगळी काडी विकूही नये. काही शेतातच कुजवली नाही तर जमिनीचा कस जातो.

मैत्रिणींनो, देशाच्या गाड्यांचं इंधन आज एका अशा जिवावर अवलंबून आहे, जो डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याला आपल्यासारखंच ऊन लागतं. त्यातला सोसणारा कोणता आणि काम करणारा कोणता, हे ओळखायला घाई चालत नाही. विरजण राखणाऱ्या बाईला हे सांगायची गरज नाही.

फुग्यांचा प्रयोग कोणी केला, तर कोणत्या बाटलीत किती वेळ फेस आला, ते वहीत लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात तुमच्या नोंदी वाचून दाखवू. तोवर माठ भरून ठेवा, ऊन टाळा आणि एकमेकींना जपा.